अहोंची खुर्ची

१

तिला सगळे मुंगी म्हणत. लहानखुरी होती हे खरंच, पण नाव पडलं ते तिच्या हातात कायम तिच्यापेक्षा मोठं काहीतरी असे म्हणून. फिल्मच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष सुरू झाल्यापासून ती कधी टेबल, कधी पडद्यांचा गठ्ठा, कधी कुणाच्या तरी माळ्यावरचा जुना दिवा घेऊन जिने चढताना दिसायची. एका जागी स्वस्थ बसलेली तिला कुणी पाहिली नव्हती. पायाला भिंगरी बांधून जन्माला आली आहे, असं तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक लघुपट करायचा होता. सरांनी तिला दिलेला विषय असा: घर दोघांचं, पण दिसणार एकच जण. संवाद नाही. दुसरं माणूस इथे होतं आणि आता नाही, हे खोलीनेच सांगायचं. सरांचा लाडका शब्द होता मिझाँ सेन. ऊठसूट तो त्यांच्या तोंडी असे, आणि अर्थ विचारला की ते एवढंच सांगत: चौकटीत जे जे दिसतं ते कुणीतरी तिथे ठेवलेलं असतं. आपोआप तिथे काही नसतं.

मुंगी कामाला लागली. तिचा कॅमेरामन शिडी, म्हणजे उंचीवरून ज्याला सगळे शिडी म्हणत तो, त्याच्या काकांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा पडला होता. नवे भाडेकरू येईपर्यंत वापरा म्हणाले. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, पश्चिमेला मोठी खिडकी. दुपारनंतर ऊन आत यायचं आणि भिंतीवर हळूहळू सरकत राहायचं. आवाजाचं काम कानोबाकडे होतं. त्याच्या डोक्यावरचे हेडफोन जेवतानाही उतरत नसत. आणि त्या घरातली बाई व्हायला तयार झाल्या मावशी. उभं आयुष्य नाटकात गेलेल्या, पण नायिका कधीच न झालेल्या. लग्न केलं नव्हतं. एकट्या राहत.

पहिल्या दिवशी मुंगीने त्यांना विचारलं, की गोष्टीतल्या नवऱ्याला नाव काय द्यायचं. मावशी हसल्या. आमच्या काळच्या बायका नवऱ्याला नावाने कुठे हाका मारायच्या, म्हणाल्या. अहो म्हणायच्या.

झालं. तेव्हापासून त्या नसलेल्या माणसाचं नाव अहो पडलं.

२

अहोंना उभं करायला मुंगीला आठवडा लागला. वेताची हातवाली खुर्ची जुन्या फर्निचरच्या दुकानातून आली. चपला कानोबाच्या काकांच्या, चष्म्याचं घर शिडीच्या आजोबांचं, कप मावशींनी आणलेला, खुंटीवरचा स्वेटर मुंगीच्याच घरातल्या ट्रंकेत मिळाला. तो मुळात कुणाचा हे आईलाही आठवेना. असा दहा घरांतून गोळा केलेला हा माणूस.

पण मुंगी नुसत्या वस्तू मांडून थांबणारी नव्हती. अहो उंच आहेत असं तिने ठरवलं आणि दाढीचा आरसा वरच्या खिळ्याला लावला. त्या भिंतीला खाली आणखी एक जुना खिळा होता. तो तिने तसाच ठेवला. अहोंना वाचायचा नाद, म्हणून खुर्ची खिडकीकडे. अहोंचा कप टेबलावर, कपाचा कान उजवीकडे. प्रत्येक वस्तू बसली की खडूने जमिनीवर खूण करायची, फोनवर फोटो काढायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तसूभरही फरक पडायला नको.

सगळं झाल्यावर चौघे दारात उभे राहिले. शिडी म्हणाला, च्यायला, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता घुसलोय असं वाटतंय. सगळे हसले. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दाराबाहेर चपला काढून आत गेल्या आणि आपल्या खुर्चीत बसल्या. समोरच्या खुर्चीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला.

३

पहिली चूक मुंगीला दुसऱ्या दिवशी दिसली. शॉटच्या आधी ती फोटो आणि टेबल ताडून बघत होती. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त कपाचा कान डावीकडे होता.

तिने तो उजवीकडे वळवला. शूटिंग झालं, जेवण झालं, परत आली तर कान डावीकडे. झाडताना कुणाचा हात लागला असेल. तिने पुन्हा वळवला आणि त्या दिवसापुरतं ते विसरून गेली.

तिसऱ्या दिवशी मात्र तिने आल्या आल्या आधी कप पाहिला. मग तिघांना एकेक करून विचारलं, तुमच्यात डावखुरं कोण आहे. कुणीच नव्हतं. शिडीने चिडवलं, की अहो असतील. मुंगीही हसली. पण दुपारभर तिचं लक्ष कॅमेऱ्यात कमी आणि टेबलाकडे जास्त. ती खोलीत येरझाऱ्या घालायची, स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण नळ घट्ट करून यायची, आणि येताना कपाकडे बघायची. तिच्या डोळ्यांदेखत तो कधी हलला नाही. एकदा शिडीने लेन्स मागितली म्हणून पाठ वळली, तेवढंच.

चौथ्या दिवशी दाढीचा आरसा खालच्या खिळ्यावर होता.

मुंगी त्याच्यासमोर उभी राहिली. आदल्या दिवशी कुलूप तिनेच लावलं होतं, किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. आरसा पडला असेल, मग कुणीतरी उचलून हाताला येईल त्या खिळ्याला अडकवला असेल. पण कुणी? शिडीचे काका येऊन गेले असतील. शिडीने फोन केला. काका बाहेरगावी होते.

आरसा आता तिच्या डोळ्यांसमोर आला होता. उंच माणसाला वाकावं लागलं असतं. म्हणजे अहो उंच नाहीत, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो इतक्या सहज आला की तिला स्वतःचाच राग आला.

तिने आरसा परत वर लावला नाही. फोटोशी जुळवायचं तर लावायला हवा होता, पण तिचा हात उचलला गेला नाही.

४

संवाद नसलेल्या फिल्मलाही आवाज लागतो. खोलीचा स्वतःचा आवाज. रिकाम्या खोलीलाही एक श्वास असतो, आणि तो नोंदवून ठेवावा लागतो, असं कानोबाचं म्हणणं. त्याने माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. चौघे जिन्यात बसले. कानोबा डोळे मिटून ऐकत होता. खालून कुणीतरी सायकल घसटत नेत होतं.

थोड्या वेळाने कानोबाने डोळे उघडले. हेडफोन काढून त्याने मुंगीच्या कानांवर ठेवले.

आधी तिला काहीच ऐकू आलं नाही, नुसता पंख्यासारखा दूरचा घुमारा. मग वेत करकरला. आधी एकदा, मग थोडं थांबून पुन्हा, माणूस बसतो आणि मग नीट मागे रेलतो तसा. त्यानंतर बराच वेळ शांतता. आणि मग एक छोटासा आवाज, टक्. चष्म्याचं घर मिटल्याचा.

कानोबाचं म्हणणं, जुना वेत ऊन लागलं की बोलतो. मुंगी म्हणाली, त्या चष्म्याच्या घराची स्प्रिंगही ढिली आहे. दोघं एकमेकांना पटवून देत राहिले. मावशी शेजारच्या पायरीवर होत्या, त्यांनी हेडफोन मागितले नाहीत. फक्त म्हणाल्या, आता आत जायला हरकत नाही.

आत चष्म्याचं घर मिटलेलं होतं. मुंगीने ते उघडं ठेवलं होतं की मिटलेलं, हे तिला काही केल्या आठवेना. फोनवरचा फोटो बघायला तिने फोन काढला, आणि न बघता परत ठेवला.

५

सरांना तोवरचं चित्रीकरण दाखवायचं होतं. वर्गात अंधार करून ते बघत बसले. एरवी मधेमधे टोकायचे, या वेळी एक शब्द नाही. मुंगी मागे उभी. तिला बसवत नव्हतं.

पडद्यावर मावशी स्वयंपाकघराच्या दारातून चहा घेऊन येत होत्या. दारात त्या थबकल्या, किंचित भिंतीकडे सरल्या, मग पुढे आल्या. टेबलाशी येताना खुर्चीला वळसा घातला, पण खुर्चीपासून जरा जास्तच लांबून, कुणी पाय पसरून बसलं असावं तसा.

दिवे लागल्यावर सरांनी विचारलं, की बाईंना हालचाली तू बांधून दिल्यास का. त्या दारात कुणाला तरी वाट देतात. इतकं बारीक काम मी विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये पाहिलेलं नाही.

मुंगीने मावशींना असलं काही सांगितलं नव्हतं. पण सरांच्या तोंडून इतक्या वर्षांत कौतुकाचं अवाक्षर निघालं नव्हतं, आणि आजूबाजूची मुलं तिच्याकडे बघत होती.

"हो सर," ती म्हणाली. "मीच सांगितलं."

परत येताना मात्र मन खाऊ लागलं. खोटं बोलल्याचं तितकंसं नव्हतं. तिला दुसरंच वाटत होतं, की कुणीतरी ठेवलेल्या वस्तूवर आपण आपलं नाव घातलं. चालता चालता तिने दोनदा रस्ता बदलला. का, ते तिला सांगता आलं नसतं.

६

एव्हाना मावशी चहाच्या सुट्टीतही खाली उतरत नव्हत्या. इथेच बसते, म्हणायच्या. एकदा मुंगी मधूनच वर आली, तर आतून बोलण्याचा आवाज. दबका, घरगुती. जेवताना समोरच्याशी बोलतात तसा.

"नाही, आज लवकर उरकेल म्हणतात," मावशी सांगत होत्या. मग थोडं थांबून, "पोरं चांगली आहेत हो."

मुंगी दारातच उभी राहिली. तिने विचारलं, मावशी, तालीम करताय का. आपल्या फिल्ममध्ये बोलणं नाही.

"तालीम कसली," मावशी म्हणाल्या. "विचारत होते, म्हणून सांगितलं."

त्यांच्या आवाजात वेड नव्हतं, थट्टाही नव्हती. मुंगी त्यांच्याजवळ गेली, खाली बसली आणि हात हातात घेतला. तुम्हाला बरं वाटत नाहीये का, काम थांबवू या का, असं बरंच काही ती बोलली. मावशींनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. खुंटीवरचा स्वेटर, दाराशी चपला, खिडकीकडे वळलेली ती खुर्ची.

"एवढं सगळं मांडलंस गं तू," त्या म्हणाल्या. "मग कुणी यायला नको का बसायला?"

आपण जिच्याकडे पाठ करून बसलो आहोत ती अहोंची खुर्ची आहे, हे तिच्या लक्षात आलं. मान वळवून बघावं असं वाटलं आणि मान वळेना. मावशी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू होतं. आपल्या घरच्यांविषयी परक्यासमोर बोलल्यावर येतं तसं.

शिडी वर आला तेव्हा मुंगीने सांगून टाकलं: शेवटचा शॉट उद्याच. उद्या सगळं आवरायचं.

७

शेवटचा शॉट साधा होता. बाई अहोंच्या वस्तू उचलते, पिशवीत भरते, स्वेटर घडी करते आणि खुर्ची भिंतीकडे फिरवते. मुंगी दाराला टेकून, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभी होती. ऊन भिंतीवर आलं, शिडीने मान डोलावली, तिने सुरू करायला सांगितलं.

मावशी उठल्या आणि खुर्चीसमोर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

मुंगीने हळू आवाजात आठवण केली, स्वेटर आधी. मावशींनी मान हलवली. त्यांना न सांगता मी कशाला हात लावणार नाही, म्हणाल्या. आवाज नंतर काढून टाकता येईल, असा विचार करून मुंगीने कॅमेरा थांबवू दिला नाही. सांगा मग, म्हणाली. तिचाच आवाज तिला तुसडा वाटला.

मावशी जराशा वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा उठता का?"

खोलीत कुणी हललं नाही. नळाचा थेंब पडला. मग मावशी एक पाऊल मागे सरल्या, थांबल्या, आणि सावकाश कामाला लागल्या. चपला, चष्म्याचं घर, कप. स्वेटर घडी करताना त्यांनी तो क्षणभर गालाला लावला. खुर्ची फिरवली. संपलं.

कट म्हटल्यावर शिडी कॅमेऱ्यामागून बाहेरच आला नाही. मुंगी त्याच्याजवळ गेली तर तो स्क्रीनकडे टक लावून होता. त्याच्या कॅमेऱ्याला माणसाचा चेहरा ओळखता येत असे. चेहरा दिसला की स्क्रीनवर त्याभोवती एक छोटा पांढरा चौकोन यायचा आणि चेहऱ्याबरोबर फिरायचा. तो फक्त चित्रीकरण करणाऱ्याला दिसतो, फिल्ममध्ये उतरत नाही.

"मावशींच्या चेहऱ्यावर होता," शिडी खालच्या आवाजात म्हणाला. "मग खुर्चीवर गेला. रिकाम्या. मावशी म्हणाल्या ना, उठता का, तेव्हा तो वर सरकला. मग दाराकडे गेला आणि चौकटीबाहेर."

कॅमेरे चुकतात, मुंगी म्हणाली. भिंतीवरच्या डागालाही चेहरा समजतात.

हो, शिडी म्हणाला. पण डाग चालत नाहीत.

त्यावर दोघंही हसले नाहीत. पण मुंगीच्या जिवात जीव आला होता. दाराकडे गेला, बाहेर गेला. म्हणजे जे काही होतं ते गेलं. तिने झपाट्याने आवराआवर केली. खुर्ची दुकानात, चपला कानोबाच्या काकांना, चष्म्याचं घर आजोबांना, कप धुऊन मावशींच्या पिशवीत. स्वेटर तिने परत ट्रंकेत टाकला नाही, वाटेत कपडे गोळा करणाऱ्या संस्थेच्या पेटीत सोडला. जमिनीवरच्या खडूच्या खुणा स्वतः ओल्या फडक्याने पुसल्या. फ्लॅट पहिल्यासारखा ओकाबोका झाला. इतक्या ठिकाणी वाटला गेलेला माणूस पुन्हा कुठून एकत्र येणार?

८

फिल्म झाली. सरांनी ती दुसऱ्या वर्गालाही दाखवली. मुंगीला मात्र चैन नव्हतं. संकलनाच्या खोलीत ती उभ्याउभ्याच काम करायची. जेवताना ताट घेऊन घरभर फिरायची. झोप मात्र बरी लागत होती, पूर्वीपेक्षा गाढ. तेवढ्याचंच तिला नवल वाटे.

मावशींचे आभार मानायचे राहिले होते. एका रविवारी सकाळी ती त्यांच्याकडे गेली. एका खोलीचं घर, झाडून पुसून लख्ख. टेबल एरवी भिंतीला लावलेलं असावं. भिंतीवर त्याच्या कडेची काळी रेघ होती. आता ते पुढे ओढलेलं होतं आणि पलीकडे एक खुर्ची मांडलेली होती. टेबलावर तो कप. कान डावीकडे.

मुंगीने कपाकडे पाहिलं. मावशींनी तिला पाहताना पाहिलं.

खराब दिसत होत्या त्या. डोळे ओढलेले, वेणी घातलेली नव्हती. चहा केला, फिल्मचं विचारलं, सरांचं कौतुक ऐकून बरं वाटलं म्हणाल्या. सगळं बोलणं वरवरचं. मधेच थांबून मावशी त्या खुर्चीकडे बघायच्या. कुणाची तरी वाट बघून बघून कंटाळलेलं माणूस घड्याळाकडे बघतं तसं.

शेवटी मुंगीनेच विचारलं. ते... इथे असतात का?

मावशींनी तिच्याकडे थेट पाहिलं.

"माझ्याकडे नाही गं आले," त्या म्हणाल्या. "मी जागा करून ठेवली, पण नाही आले. मला वाटलं, तू त्यांना घेऊन गेलीस."

शेवटच्या शॉटला दाराला टेकून उभी होती ती आपणच, हे मुंगीला आठवलं. मावशींच्या आवाजात तक्रार होती, आणि तिच्या तळाशी आणखी काहीतरी, जे मुंगीला जिना उतरताना उमगलं. हेवा.

घरी आली तेव्हा आई पलंगावरच्या चादरी बदलत होती. मुंगी दारात उभी राहिली, मग खिडकीशी गेली, मग परत दारात.

एका जागी बस जरा, आई म्हणाली. आणि उशीचा अभ्रा घालता घालता सहज पुढे बोलली, की हल्ली तुझं काय चाललंय कळत नाही, एवढा ऐसपैस पलंग आणि रोज सकाळी बघते तर तू भिंतीला पालीसारखी चिकटलेली. अर्धा पलंग मोकळा. कुणासाठी जागा ठेवतेस?

आई कपड्यांचा ढीग घेऊन बाहेर गेली. नव्या चादरीवर सुरकुती नव्हती. मुंगी पलंगावर बसली. अगदी कडेला, भिंतीच्या बाजूला. आपण त्याच बाजूला बसलो हे तिच्या लक्षात आलं आणि उठावं असं तिला वाटलं.

बाहेर आई बादलीत पाणी सोडत होती. मुंगीने चादरीकडे पाहिलं.

पलंगाची दुसरी बाजू खाली गेली. सावकाश, बेताने, शेजारच्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून जपून बसावं तशी.